उतरत्या मापाचे कपडे

चि. मनू,


वजन उतरतंय आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरतंय, हे ऐकून फार बरं वाटलं. पण 'पूर्ण बारीक झाल्यावरच कपडे घेईन' म्हणून तू ढगळ कुर्त्यांना आतून पिना लावून ऑफिसला जातेस, ते मला अजिबात पटलं नाही. एवढी मेहनत घेणाऱ्या अंगाला आजच नीट बसणारा कपडा मिळायला हवा. तो नवाच हवा असं मुळीच नाही. चार महिन्यांत सैल होणाऱ्या कपड्यावर नव्याची किंमत घालणं तुझ्या पगारात बसतही नाही.

तू दिल्लीत आहेस, ही सोयच आहे. आपल्याकडे बोहारीण भांडी देऊन जुने कपडे नेते, तसंच तिकडे वाघरी समाजाच्या बायका करतात आणि तो माल रघुवीर नगरच्या घोडा मंडीत आणतात. बाजार भल्या पहाटे भरतो. एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला सोबत घे.

जाताना टेप ने. लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नकोस. प्रत्येक कंपनीचं 'मीडियम' वेगळं असतं. आधी खांदा मोज. वजन उतरलं की छाती, कंबर, दंड उतरतात, खांद्याचं हाड तेवढंच राहतं, आणि खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून मुंढा नव्याने बेतावा लागतो. शिलाई कुर्त्याच्या किमतीहून जास्त व्हायची. खांदा बरोबर असेल तर बाजू दाबणं सोपं. दोन्हीकडून मिळून दोनेक इंच निघतात. त्याहून जास्त दाबलं की काखेत ओढ बसते. टेलरला बजावून सांग, कापड कापायचं नाही, आत माया राहू दे. दुखण्याखुपण्यात वजन पुन्हा वाढलं तर टीप उसवून कुर्ता सैल करता येईल.

सुती कपडा जुना घ्यावा असं मी शिवणकाम करणारी बाई म्हणून सांगते. तो आटायचा तेवढा आटलेला असतो, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. आज जे माप दिसतं तेच घरी टिकतं. फक्त काख आणि बैठक उजेडासमोर धरून बघ. तिथं कापड विरलेलं असेल तर परत ठेव. खाली नाडीची सलवारच घे, ती कंबरेबरोबर उतरते. आतले कपडे मात्र नवेच घ्यायचे. घरी आणलेले सुती कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळव, शिवणींत ढेकूण राहतात.

आणि 'पुढे होईल' म्हणून लहान मापाचा एकही कपडा आणू नकोस. वजन मध्येच काही आठवडे अडतं, बहुतेकांचं अडतं. त्या दिवसांत कपाट उघडल्यावर तो कपडा रोज तुला हिणवेल. ते मला नको आहे.

तीन कुर्ते, दोन सलवारी, आत्ता एवढंच पुरे. थंडीच्या कोटाला मात्र हात आखडू नकोस. आत स्वेटर मावेल असा मोठाच घे.

जुने कुर्ते कुणाला देऊन टाकू नकोस. दिवाळीला येताना सगळे घेऊन ये, मी दाबून देते.

तुझी,
मावशी