राज्यान्त आणि शाहीर : प्रभाकरांच्या कवित्वाची एक बाजू

उत्तर पेशवाईतील शाहिरांचा विचार करताना आश्रय आणि शृंगार या दोन सूत्रांवर सामान्यतः भर दिला जातो. शाहीर प्रभाकर जनार्दन दातार (मृत्यू 1843) यांच्याबाबतीत मात्र ही सूत्रे अपुरी पडतात. प्रभाकरांचे कर्तृत्व पुण्यात घडले आणि पेशवाईचा अस्त झाल्यानंतरही सुमारे पंचवीस वर्षे ते हयात होते. ज्या सत्तेच्या वैभवात कवी वाढला ती सत्ताच नाहीशी झाल्यावर त्याच्या कवित्वाचे काय होते, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

प्रभाकरांच्या भोवतालचा कालपट विलक्षण वेगाने बदलला. 1795 च्या मार्चमध्ये खर्ड्याचा विजय झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा अंत झाला. 1800 मध्ये नाना फडणवीस निवर्तले. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले आणि वर्षाअखेरीस वसईचा तह झाला. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई होऊन त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. जून 1818 मध्ये दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वार्षिक आठ लक्षांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्तास गेले.

सवाई माधवरावांचा रंगोत्सव गाणाऱ्या प्रभाकरांनी पेशवाईच्या अखेरीवरही पोवाडा रचला, ही बाब महत्त्वाची आहे. पोवाडा हा मुळात पराक्रमाच्या कीर्तनाचा प्रकार. नायकाने रणांगण सोडले असता गायचे कोणाला? अशा वेळी वीराची जागा नगरीचे गतवैभव घेते आणि स्तुतीची जागा शोक घेतो. डफ-तुणतुणे तेच, पालुपदाची पुनरावृत्तीही तीच; परंतु यशाचा घोष करणारे पालुपद आता विलापाचे काम करू लागते.

येथे आश्रित कवी या आरोपाचीही फेरतपासणी करावी लागते. ब्रह्मावर्तास गेलेला धनी पुण्यातील शाहिराला बिदागी देण्याच्या स्थितीत नव्हता. तेव्हा हा शोक केवळ धन्याच्या मर्जीसाठी होता, असे म्हणता येत नाही. प्रभाकरांची रचना गंगु हैबतीच्या फडाशी निगडित होती. म्हणजे ती ऐकणारा समाज वाड्याबाहेरही होता. राज्य गेल्याने ज्यांची शिलेदारी, कारकुनी वा कारागिरी बुडाली, त्या श्रोत्यांचे दुःख शाहिराच्या मुखातून प्रकट झाले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

1857 च्या उठावानंतर दिल्लीच्या गालिबने ‘दस्तंबू’ हे फार्सी गद्य लिहिले, ते नव्या राज्यकर्त्यांवर दृष्टी ठेवून. प्रभाकरांचे माध्यम श्राव्य होते आणि भाषा लोकांची होती. तिला नव्या साहेबाची मान्यता मिळवायची नव्हती. दोघांच्या प्रतिभेची तुलना येथे अभिप्रेत नाही. श्रोता बदलला की कवीच्या शोकाचे रूपही बदलते, एवढेच लक्षात घ्यावयाचे आहे.

अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह 1891 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे प्रभाकरांच्या निधनानंतर जवळजवळ अर्धशतकाने. मौखिक परंपरेतून आलेल्या अशा संहितेतील प्रत्येक तपशील इतिहासाचा पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही. तथापि लढाईची तारीख आणि तहाची कलमे दप्तरात सापडतात. राज्य बुडाल्याची जाणीव पुणेकरांच्या मनात कोणत्या शब्दांनी रुजली, हे मात्र पोवाड्यातच शोधावे लागते. प्रभाकरांचे वाङ्मयीन मोल ठरविताना लावणीकाराइतकाच हा राज्यान्ताचा साक्षीदारही विचारात घेतला पाहिजे.