टर्मिनेशन उर्फ निरवानिरव



टीसीपीचं थ्री-वे हँडशेक हा आपल्या व्हायवामधला हमखास प्रश्न. कॉम्प्युटरच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो 'सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक' म्हणून परत झोपेल. पण कनेक्शन बंद कसं होतं, हे विचारा. तिथे बहुतेक जण अडकतात. खरं म्हणजे कनेक्शन जोडायला तीन मेसेज लागतात आणि नीट बंद करायला चार. एक बाजू म्हणते, 'माझं पाठवून झालं.' दुसरी म्हणते, 'कळलं.' मग दुसरी बाजू आपलं उरलेलं पाठवते आणि म्हणते, 'आता माझंही झालं.' पहिली म्हणते, 'कळलं.' एवढं होऊनही पहिली बाजू लगेच उठून जात नाही. ती थोडा वेळ थांबते. १९८१ च्या स्टँडर्डप्रमाणे हा वेळ चार मिनिटांचा होतो, लिनक्सवर साधारण एक मिनिट. शेवटचं 'कळलं' वाटेत हरवलं आणि दुसऱ्याने परत विचारलं, तर उत्तर द्यायला कोणीतरी हवं, म्हणून हे थांबणं.

मेकॅनिकलवाल्यांनो, पान उलटू नका, हा लेख नेटवर्किंगवर नाही. विषय आहे 'टर्मिनेशन', म्हणजे शेवटचा टप्पा. हा एकच शब्द बायोलॉजीच्या, कायद्याच्या आणि सायकॉलॉजीच्या पुस्तकांत भेटतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी प्रतिशब्दांच्या बाबतीत आमची बोंबच. डिक्शनरीत 'समाप्ती' असं दिलंय. पण समाप्ती म्हणजे पिक्चर संपल्यावर पडद्यावर येते ती पाटी. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, निरवानिरव म्हण की." देणी-घेणी मिटवायची, किल्ल्या कोणाच्या तरी हाती द्यायच्या, सांगायचं ते सांगून मग निघायचं. मला हा शब्द जास्त पटला. शेवट ही वेळ असते, निरवानिरव हे काम असतं, आणि त्या कामाला स्वतःचा वेळ द्यावा लागतो, एवढंच मला या लेखात दाखवायचंय.

आधी बायोलॉजी. आम्हाला 'बायोलॉजी फॉर इंजिनिअर्स' नावाचा विषय होता. सगळ्यांनी तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचला, आणि त्यातलं एक प्रकरण मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पेशीत प्रोटीन तयार करणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. ते एम-आरएनएची पट्टी तीन-तीन अक्षरांनी वाचत जातं. अशी तीन अक्षरी कोडॉन्स एकूण ६४. त्यांतली ६१ कोडॉन्स कोणता ना कोणता अमिनो अ‍ॅसिड मागवतात. उरलेली तीन, म्हणजे यूएए, यूएजी आणि यूजीए, सांगतात की इथे थांब. मला वाटायचं, थांब म्हटलं की यंत्र थांबत असेल, फॅनचं बटण बंद केल्यासारखं. तसं नाही. तिथे 'रिलीज फॅक्टर' नावाचं वेगळं प्रोटीन यावं लागतं. ते आलं की तयार साखळी सुटी होते. त्यानंतरही रायबोसोमचे दोन भाग पट्टीला धरूनच असतात. ते वेगळे करायला आणखी प्रोटीन्स लागतात आणि ऊर्जाही खर्च होते. मग तेच भाग पुढच्या कामाला मोकळे होतात.

'थांब' ही खूणच बिघडली तर काय होतं, याचं उदाहरण रक्तात सापडतं. हिमोग्लोबिन कॉन्स्टंट स्प्रिंग नावाचा प्रकार आहे (जमैकातल्या एका ठिकाणाचं नाव). अल्फा ग्लोबिनची साखळी १४१ अमिनो अ‍ॅसिडची असते. इथे स्टॉप कोडॉनचं एक अक्षर बदलतं, त्यामुळे रायबोसोम पुढे वाचतच सुटतं आणि साखळी १७२ ची होते. जास्त लांब म्हणजे जास्त चांगली असं काही नाही. उलट त्याचा एम-आरएनए टिकत नाही, अल्फा ग्लोबिन कमी पडतं, आणि हा थॅलसेमियाचा एक प्रकार होतो.

बॅक्टेरियात याहून वाईट वेळ येते. पट्टी मध्येच तुटली तर स्टॉप कोडॉन येतच नाही, आणि रायबोसोम तुटक्या टोकाशी अडकून बसतं. अशा वेळी टीएम-आरएनए नावाचा रेणू येतो. तो स्वतःची छोटी पट्टी पुढे करतो आणि रायबोसोम ती वाचू लागतं. त्या पट्टीच्या शेवटी स्टॉप कोडॉन असतो. शिवाय अर्धवट प्रोटीनला एक शेपूट लागतं, त्यावरून पेशीला कळतं की हे मोडीत काढायचंय. रायबोसोम सुटतं आणि कामाला लागतं. ज्याचा शेवट हरवला, त्याला बाहेरून शेवट आणून देणारी ही सोय मला तरी भारी वाटली.

अख्ख्या पेशीचा शेवटही दोन तऱ्हांनी होतो. मार लागून पेशी फुटली की आतला माल बाहेर सांडतो आणि आजूबाजूला सूज येते. दुसरी तऱ्हा 'अपॉप्टोसिस'. हे नाव केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली दिलं, पानगळीच्या ग्रीक शब्दावरून. यात पेशी आतल्या आत आपला डीएनए तोडते, लहान पुड्यांमध्ये वाटली जाते, बाहेरच्या पापुद्र्यावर 'मला उचला' अशी खूण लावते आणि शेजारच्या पेशी तिला गिळून टाकतात. सांडलवंड नाही. सी. एलिगन्स या एक मिलिमीटरच्या अळीत वाढीच्या काळात १०९० पेशी बनतात आणि त्यांतल्या १३१ ठरल्याप्रमाणे मरतात. या शोधकामाला २००२ चं नोबेल मिळालं. आपली बोटं सुटी आहेत, तीही पोटात असताना मधल्या पेशी अशाच गेल्या म्हणून.

पानगळीचंही असंच. आपल्या कॅम्पसमागचा साग उन्हाळ्याच्या तोंडावर बोडका होतो, तेव्हा आपण म्हणतो, पानं वाळली आणि पडली. पण पडण्याआधी झाड पानातला बराचसा नायट्रोजन आणि फॉस्फरस परत खोडात ओढून घेतं. कॅल्शियम मात्र परत येत नाही, ते पानाबरोबर जातं. मग देठाशी सुटं होणाऱ्या पेशींचा थर तयार होतो, आणि जखम उघडी राहू नये म्हणून झाडाच्या बाजूला संरक्षक थर बसतो. नंतर साध्या वाऱ्यानेही पान सुटतं.

आता पैशांचा विषय, म्हणजे सगळे जागे होतील.

होस्टेलमध्ये भागीदारीचा धंदा दर वर्षी कोणी ना कोणी सुरू करतं. फेस्टचे टी-शर्ट, प्रोजेक्टचे किट्स, रात्रीची मॅगी. आमच्या दोन सिनिअर्सचा टी-शर्टचा धंदा चांगला चालला होता. नंतर बोलणं बंद झालं. धंदा बंद झाला असं दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. कँटीनच्या भिंतीवर त्यांचा यूपीआयचा क्यूआर कोड तसाच राहिला. मुलं ऑर्डर म्हणून पैसे टाकत राहिली, पैसे एकाच्या खात्यात जात राहिले आणि शिव्या दुसऱ्याला पडत राहिल्या. आता दोघं मेसमध्ये दोन टोकांना बसतात.

अशा भांडणांवर आपल्याकडे कायदा आहे, भारतीय भागीदारी अधिनियम १९३२. (एलएलपीचा कायदा वेगळा, २००८ चा. त्यात आज शिरत नाही.) मी तो कुतूहलाने वाचला आणि आश्चर्य वाटलं, कारण भागीदारी कशी मोडायची यावर त्यात एक अख्खं प्रकरण आहे. मुदत ठरलेली नसेल, तर कलम ४३ प्रमाणे कोणीही भागीदार बाकी सगळ्यांना लेखी नोटीस देऊन फर्म विसर्जित करू शकतो. म्हणजे बोलणं बंद करणं ही नोटीस नव्हे. कलम ४५ म्हणतं की विसर्जनाची जाहीर नोटीस निघेपर्यंत एकाने केलेल्या व्यवहाराला बाहेरच्यांच्या दृष्टीने बाकीचेही जबाबदार राहतात. पेपरमध्ये 'तमाम जनतेस कळविण्यात येते की' अशा ज्या बारीक टायपातल्या नोटिसा आपण न वाचता उलटतो, त्यांतल्या काही याच कामाच्या असतात. नोंदणी झालेल्या फर्मची नोटीस रजिस्ट्रारकडे, राजपत्रात आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या एखाद्या देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. आणि कलम ४७ प्रमाणे अर्धवट राहिलेली कामं पुरी करण्यापुरता भागीदारांचा अधिकार विसर्जनानंतरही चालू राहतो. परत तेच चार मिनिटांचं थांबणं!

हिशेबाचा क्रम कलम ४८ मध्ये आहे. गणित करून बघू. समजा अ आणि ब यांनी धंदा मोडला. अ चं भांडवल १५,००० आणि ब चं २५,००० रुपये. वर ब ने फर्मला २०,००० उसने दिलेत. प्रिंटिंगवाल्याचे ५०,००० देणं आहे. सगळं विकून हातात आले ९०,०००. पहिले पैसे बाहेरच्याचे, म्हणजे प्रिंटिंगवाल्याला ५०,०००. मग भागीदाराची उसनवारी, ब ला २०,०००. उरले २०,०००, आणि भांडवल तर एकूण ४०,००० चं. तोटा २०,०००. वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समान, भांडवल कमी-जास्त असलं तरीही. म्हणजे प्रत्येकी १०,००० तोटा. अ ला मिळाले ५,००० आणि ब ला १५,०००. दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या सिनिअर्सनी ते कागदावर एकदाही मांडलं नाही.

महाराष्ट्रापुरती एक गंमत सांगते. इथे १९८४ च्या दुरुस्तीने असा नियम आला होता की फर्म नोंदवलेली नसेल तर भागीदाराला ती मोडून मागण्यासाठी किंवा मोडलेल्या फर्मचा हिशेब मागण्यासाठी कोर्टात जाताच येणार नाही. म्हणजे नोंदणी केली नाही याची शिक्षा म्हणून शेवट करण्याचा रस्ताच बंद. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. मला तो निकाल बरोबर वाटतो. नोंदणी न केलेल्याचे दुसरे हक्क अडवा हवे तर, पण बाहेर पडायचं दार बंद करू नये.

तिसरा भाग थेरपीचा. तो होस्टेलच्या सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. आपल्याकडे काउन्सेलरकडे जाण्याबद्दल आता पोस्टर लागतात, सेमिनार होतात. पण ते संपवायचं कसं, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे बरेच जण तीन-चार सिटिंग झाल्या की मेसेजला उत्तर देणं बंद करतात. काहींना खरंच बरं वाटलेलं असतं. काहींना राग आलेला असतो, आणि तो सांगायची लाज वाटते.

फ्रॉइडने शेवटच्या आधी दोनच वर्षं, १९३७ साली, याच प्रश्नावर एक निबंध लिहिला की विश्लेषणाला शेवट असतो का. १९१० मध्ये त्याच्याकडे एक श्रीमंत रशियन तरुण आला होता, पुढे 'वुल्फ मॅन' या नावाने तो प्रसिद्ध झाला. उपचार पुढे सरकेनात, तेव्हा फ्रॉइडने तारीखच ठरवून टाकली की अमुक दिवशी थांबायचं. त्यानंतर तो भराभर बोलू लागला, आणि १९१४ मध्ये उपचार थांबले. तो पूर्ण बरा झाला असं फ्रॉइडला तेव्हा वाटलं, पण पुढे त्याला परत उपचार घ्यावे लागले. म्हणजे तारीख ठरवल्याने काम होतं, सगळं काम होत नाही. एकदा दिलेली तारीख पुढे ढकलू नये, नाहीतर विश्वास जातो, असंही फ्रॉइडचं मत होतं. (सबमिशनची डेट एक्स्टेंड करणाऱ्या सरांनी हे वाक्य वाचू नये.)

पुढे जेम्स मान यांनी १९७३ च्या पुस्तकात बारा सिटिंगची थेरपी मांडली. शेवटची तारीख सुरुवातीलाच सांगायची, आणि निरोप घेणं हा त्या बारांतल्या कामाचाच भाग धरायचा. इंटरपर्सनल थेरपीत तर सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे टप्पेच आहेत. कॉग्निटिव्ह थेरपीत शेवटाकडे सिटिंग लांबवतात, आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. परत त्रास सुरू झाला तर पहिल्यांदा काय करायचं हे दोघं मिळून लिहून काढतात. ज्युडिथ बेक यांच्या पाठ्यपुस्तकात थेरपी संपल्यावर साधारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी एकेक 'बूस्टर' सिटिंग सुचवली आहे.

एक गोष्ट माहीत असलेली बरी. शेवट जवळ आला की जुनी लक्षणं परत डोकं वर काढतात, असं थेरपिस्टना बरेचदा दिसतं. झोप जाते, चिडचिड होते. तेव्हा वाटतं की सगळं फुकट गेलं. पण ज्या माणसाशी मनातलं बोलत होतो तो आता रोजचा राहणार नाही, याचं ते दुःखही असू शकतं. ज्याचे आई-वडील किंवा जवळचा मित्र न सांगता निघून गेलेत, त्याच्यासाठी तर सांगून, तारीख ठरवून घेतलेला निरोप हा कदाचित पहिलाच असतो. म्हणून शेवटची सिटिंग चुकवू नये. राग असेल तर तो तिथेच बोलावा, काउन्सेलरना त्याची सवय असते. सोडायचं ठरवलं असेल तरी "मॅडम, मला थांबायचंय, एक सिटिंग त्याबद्दल बोलू या का?" एवढं म्हणता येतं.

आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतिनियमांत म्हटलंय की थेरपी संपवण्याआधी त्याबद्दल बोलणं करावं आणि गरज असेल तर दुसरीकडे कुठे जाता येईल ते सुचवावं. बऱ्याच कॉलेजांत काउन्सेलर कंत्राटावर असतात आणि कंत्राट परीक्षेच्या सुमारासच संपतं, म्हणजे मुलांना नेमकी गरज असते तेव्हा. म्हणून पहिल्याच सिटिंगला तीन गोष्टी विचारून घ्या: साधारण किती सिटिंग होतील, तुम्ही इथे कधीपर्यंत आहात, आणि नंतर माझी फाइल कोणाकडे जाईल. फायनल इयरवाल्यांनी तर हे आत्ताच विचारावं. कॉलेज सुटल्यावर किंवा सुट्टीत मधल्या काळात बोलायला कोणी नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर दोन्ही होस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावायला रेक्टर मॅडम 'हो' म्हणाल्यात. हा अंक तुमच्या हातात येईपर्यंत लागलेला असेल, नसेल तर त्यांना आठवण करा.