राजीखुशीने ना?



लग्नाआधी धर्मगुरू वधू-वरांना वेगवेगळे बसवून विचारतात, ‘तुझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही ना?’ आपण हसून ‘नाही, फादर’ म्हणतो आणि सही करतो. या प्रश्नाचे मोल पाकिस्तानातील आपल्या भगिनींच्या दुःखातून समजते.

तेथील पंजाब प्रांतात बरेच ख्रिस्ती लोक वीटभट्टीवर किंवा सफाईकामावर पोट भरतात. 2018 च्या सुमारास दलाल त्यांच्या दारी येऊ लागले. ‘मुलगा चीनचा, ख्रिस्ती झालेला, सधन, हुंडा नको, खर्चही तोच करील.’ काही घरांत आईबापांनी होकार दिला, मुलीच्या मनाचा विचार झाला नाही. चीनमध्ये गेल्यावर अनेकींना कळले की नवरा ना ख्रिस्ती, ना सधन. कित्येकींनी मारहाण सोसली, काहींना वेश्याव्यवसायात ढकलले गेले. विकल्या गेलेल्या 629 मुली व स्त्रियांची तपास अधिकाऱ्यांनी केलेली यादी डिसेंबर 2019 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उजेडात आणली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये फैसलाबादच्या न्यायालयातून 31 चिनी आरोपी सुटले होते.

चीनमध्ये एकच मूल ही सक्ती अनेक वर्षे होती. त्यात मुलग्याची ओढ, म्हणून मुली कमी. जिथे मुलगी जन्माआधी नकोशी होते, तिथे पुढे ती विकत आणली जाते.

मनाला सर्वांत बोचते ते हे, की दलालांना साथ देणाऱ्यांत काही ख्रिस्ती पाळकही होते. योसेफालाही भावांनीच वीस रुप्यांना विकले होते (उत्पत्ती 37:28).

ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो?

1. दोघांच्या संमतीनेच विवाह होतो. ती संमती दुसरा कोणी देऊ शकत नाही (कलम 1057).
2. पळवून वा डांबून ठेवलेली स्त्री सुटून, सुरक्षित जागी स्वतः होकार देईपर्यंत तिच्याशी विवाह होऊच शकत नाही (कलम 1089).
3. बळजबरीने किंवा मोठ्या भीतीपोटी झालेला विवाह अवैध आहे (कलम 1103). गंभीर बाबतीत फसवून मिळवलेला होकारही टिकत नाही (कलम 1098).

म्हणून दूरचे स्थळ आले तर घाई करू नये. मुलाच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंकडे चौकशी करावी. पासपोर्ट मुलीच्याच हाती असावा. मुख्य म्हणजे, तिला एकटीला विचारावे आणि तिचा नकार ऐकण्याची तयारी ठेवावी.

लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या संत जोसेफिन बखिता यांचा सण 8 फेब्रुवारीला असतो. मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचाही तोच दिवस. पण आज संध्याकाळच्या रोझरीतच एक रहस्य या भगिनींसाठी अर्पण करू या.