द्रव नत्राचे भांडे आणि ते भरण्याचे लहान यंत्र



गळीत हंगामात आपल्या गोठ्यात वाढ्याला तोटा नसतो. (नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये, सोबत चुन्याची निवळी द्यावी, पण तो विषय वेगळा.) मात्र दावणीला गाय चांगल्या वंशाची असेल तरच त्या वैरणीचे दूध होते. देवणी असो, लाल कंधारी असो की संकरित, वंश सुधारायचा तर बहुतेकांना कृत्रिम रेतनावर भिस्त ठेवावी लागते. आणि कृत्रिम रेतनाची सगळी भिस्त आहे एका भांड्यावर.

डॉक्टर मोटारसायकलला बांधून जे भांडे आणतात त्यात बर्फ नसतो, द्रव नत्र असतो. युरियातून उसाला आपण जे मूलद्रव्य देतो तेच हे. हवेचे साधारण पाचपैकी चार भाग नत्र वायूचे असतात. हा वायू उणे १९६ अंश सेल्सियसला थंड केला की पातळ होतो. आपल्या मे महिन्याचे ४३ अंश तर सोडाच, त्याच्या दृष्टीने बर्फाची लादीसुद्धा निखारा आहे. म्हणून भांडे दुहेरी भिंतीचे असते व मधली हवा काढून घेतलेली असते. १८९२ साली जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने ही युक्ती काढली. चहाचा थर्मास त्याच जातीचा. अशी भांडी आपल्या राज्यात नाशिकला तयार होतात. पूर्वी ती आयबीपी कंपनी करी. २००७ साली ती कंपनी इंडियन ऑइलमध्ये विलीन झाली.

गोठवलेले रेत जिवंत राहू शकते हे १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरीन वापरून कोंबड्याच्या रेतावर दाखवले. महाराष्ट्रात १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बायफ संस्थेने ही सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत आणण्यात मोठा वाटा उचलला.

आता मुद्द्यावर येतो. केंद्रावरचे भांडे ३५ किंवा ५० लिटरचे, गावोगाव फिरणारे भांडे ३ लिटरच्या आसपास. मोठ्यातून लहानात नत्र घालायचा कसा? बऱ्याच ठिकाणी दोघे मिळून मोठे भांडे वाकडे करतात आणि नरसाळ्यातून ओततात. निम्मा नत्र धूर होऊन जातो की काय असे वाटावे असा तो देखावा असतो. थेंब पायावर पडला तर चटका बसतो तो वेगळाच. मग नत्र पुरवायचा म्हणून लहान भांडे अर्धेच भरतात. खरे नुकसान इथे होते. नत्राची पातळी खाली गेली की कांडीतल्या रेताचे तापमान चढते आणि उणे १३० अंशांच्या सुमारास बर्फाचे बारीक स्फटिक पुन्हा वाढू लागून शुक्रजंतू फोडतात. नंतर कितीही नत्र ओता, मेलेले जिवंत होत नाही. कांडी दिसायला तशीच राहते. गाय मात्र २१ दिवसांनी उलटते, आणि दोष गायीला लागतो. कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेल्या महागड्या मात्रा आता मिळतात; त्या अशा भांड्यातून आल्या तर पैसे पाण्यात.

यावर उपाय म्हणजे मोठ्या भांड्याच्या मानेत बसणारे एक लहान डोके. त्यातून एक बारीक नळी तळापर्यंत जाते. वर एक झडप, एक दाबमापक, जादा दाब आपोआप सोडणारी सुरक्षा झडप आणि वायू मोकळा करायचा कॉक. पुढे धातूची लवचीक नळी. पंप नाही, मोटर नाही, वीज नाही. भारनियमन असले तरी चालते. नत्र आत सतत उकळतच असतो. कॉक बंद केला की त्याचाच वायू वर साचतो आणि पातळ नत्राला नळीतून बाहेर ढकलतो. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारतो तसेच हे, फक्त इथे पंप मारणाराही नत्रच.

दाब किती लागतो याचा हिशेब सोपा आहे. द्रव नत्राचे वजन लिटरला सुमारे ८०० ग्रॅम. तो एक मीटर वर चढवायला चौरस सेंटीमीटरला ८० ग्रॅम दाब पुरतो. नळीतला अडथळा धरून पाव ते अर्धा किलो पुष्कळ झाला. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरातही याहून जास्त हवा असते. दाब वाढवून भरणे लवकर उरकावे असा मोह होतो. पण दाबाखाली नत्र थोडा तापतो आणि उघड्या भांड्यात पडताच त्यातला काही भाग भसकन उडून जातो. नळीच्या तोंडाला कांस्याच्या कणांचा सच्छिद्र तुकडा बसवतात. त्यातून वायू बाजूने निघून जातो व नत्र शांतपणे खाली झिरपतो.

यंत्र लहान असावे ते केवळ जागा वाचावी म्हणून नव्हे. एक किलो पोलाद खोलीच्या उष्णतेपासून गार करायला अर्ध्या लिटरच्या आसपास नत्र खर्ची पडतो, ॲल्युमिनियमला जवळजवळ एक लिटर. म्हणून नळी आखूड व हलकी हवी, आणि एकदा गार झाली की सगळ्या गावांची भांडी ओळीने भरून घ्यावीत. याच कारणाने लहान भांडे कधी कोरडे पडू देऊ नये.

एक ताकीद देतो. वर्कशॉपमधल्या फिटरकडून झाकण कसून बसवून असे डोके घरी करू नये. साधे वाहतुकीचे भांडे दाबासाठी नसते, आणि एका लिटर नत्राचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. कोंडला तर भांडे फुटते. भांड्याच्या कारखान्याने त्याच भांड्यासाठी दिलेले डोकेच घ्यावे. भरण्याचे काम पडवीत किंवा उघड्या खोलीत करावे. नत्राला वास नाही, रंग नाही, बंद खोलीत माणूस गुदमरून कोसळतो. काचा बंद केलेल्या जीपमधूनही भांडे नेऊ नये. हातमोजे सैल व कोरडे, डोळ्याला चष्मा.

वार्षिक सभेत दरवेळी मागणी येते की डॉक्टर वाढवा. माझे मत असे की त्याआधी प्रत्येक गट ऑफिसात असे एक यंत्र यावे.

आणि गाय भरवण्याआधी डॉक्टरसाहेबांना पातळी दाखवायला सांगण्यात संकोच कशाला? लाकडी किंवा प्लास्टिकची काळी पट्टी तळापर्यंत दहा सेकंद धरून बाहेर काढून हलवायची. जितकी पांढरी होईल तितका नत्र. पोकळ नळी घालू नये, तिच्यातून नत्र उसळून तोंडावर येतो. भांड्याच्या अंगावर बाहेरून दहिवर धरलेले दिसले तर भिंतींमधली पोकळी गेली असे समजावे आणि त्यातल्या कांड्या त्याच घटकेला दुसऱ्या भांड्यात हलवायला सांगावे.

— ऊस विकास अधिकारी