पॅलक्सीच्या पात्रात उतरण्याआधी

प्रिय मंदार,


काल वहिनी फोनवर म्हणाली, शनिवारी तुम्ही ईराला घेऊन ग्लेन रोझला डायनासोरचे ठसे बघायला निघालात. ठसे पॅलक्सी नदीच्या पात्रातच आहेत, पाण्यात उतरून बघतात, हेही तिने अगदी सहज सांगितलं. सहज!

अरे, २०२५ च्या ४ जुलैला तुमच्याच टेक्सासात पहाटे ग्वादालूपेचं पाणी चढलं आणि शंभरावर माणसं गेली. ती नदी वेगळी आणि पॅलक्सी वेगळी, असं तू म्हणणार. पण वर कोसळलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही, हे आपल्या घरात तरी कुणी सांगायला नको. १२ जुलै १९६१. धरण फुटलं तिकडे पानशेतला आणि पाणी शिरलं आमच्या वाड्यात.

तेव्हा निघण्याआधी तिथल्या पार्कात फोन करून पाणी किती आहे ते विचार. आभाळ भरलं असेल तर काठावरूनच परत फिरा. तसंही पाणी उतरलेलं असलं तरच ठसे दिसतात. २०२२ च्या दुष्काळात एरवी गाळाखाली असणारेही उघडे पडले होते.

हो, वाचलंय मी सगळं. सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्राचा काठ होता. चुन्याच्या चिखलात पावलं उमटली, वर गाळ साचला, त्याचा दगड झाला. पुढे नदीने वरचे थर खरवडून काढले. तीन बोटांचे ठसे मांसाहारी ॲक्रोकॅन्थोसॉरसचे. परातीएवढे दिसतील ते लांब मानेच्या शाकाहाऱ्यांचे. ते १९३८ मध्ये रोलंड बर्ड या जीवाश्म शोधणाऱ्याने ओळखले आणि पुढे त्यांची एक रांग दगडासकट न्यूयॉर्कच्या संग्रहालयात नेली. मंदीच्या काळात गावातले लोक ठसे खणून विकत, काही जण तर खोटे कोरूनही विकत! हे ईराला सांगच, खुदखुदेल. पण १९०८ च्या मोठ्या पुरानंतर ठसे लोकांच्या नजरेत आले, हे वाचून माझ्या पोटात पुन्हा गोळा आला. शेवटी पूरच ना.

तुझ्या बाबाला पोहता येत नाही ते माझ्यामुळे. आमची आई नोकरीला, तो माझ्या ताब्यात. पानशेतनंतर मी त्याला मुठेच्या काठाला फिरकू दिलं नाही. बाकीची पोरं पुलावरून उड्या टाकायची आणि हा माझा हात धरून बघत राहायचा. कधी हट्ट केला नाही त्याने. केला असता तर बरं झालं असतं.

म्हणून जाऊ नका असं मी म्हणत नाही. ईराला उतरव पाण्यात, हात मात्र सोडू नकोस. शेवाळावर पाय सटकतो, जुने बूट घाला. तिला पोहण्याच्या क्लासला घाल. फी मी पाठवीन, नाही म्हणायचं नाही. आणि तुमच्या फोटोंत तू कधीच नसतोस, सारखा काढत असतोस. या वेळी फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दे आणि तिघं एकत्र उभे राहा. मागे व्हिडिओ कॉलवर वाळलेला दिसलास. वेळेवर जेवतोस ना?

घरी पोचलात की कळव. इथे रात्रीचे कितीही वाजलेले असू देत.

तुझी,
सुमाआत्या