नातवंडाच्या खोलीचे दार



मागच्या रविवारी आरतीनंतर एक आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर, नातू चौदाचा झाला. पूर्वी माझ्या मागे-मागे असायचा, आता दार लावून बसतो. माझं काही चुकलं का?"

नाही, काही चुकले नाही. या वयात मूल स्वतःचे विचार स्वतः करायला शिकते. त्यासाठी त्याला थोडा एकांत लागतो. झोपही बदलते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा तयार होऊ लागते, पण झोपेची गरज मात्र आठ ते दहा तासांचीच राहते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली शिफारस केली की, मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत. तेव्हा शनिवारी उशिरा उठणाऱ्याला लगेच आळशी म्हणू नये.

इथे या वयाच्या मुलांशी डॉक्टर थोडा वेळ एकट्याने बोलतात. मीही पालकांना बाहेर बसवत असे. माझ्या नातीच्या वेळी मात्र बाहेर बसायची पाळी माझ्यावर आली, आणि मला ते लागले. गाडीत बसताच विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या खेपेस मी गप्प बसलो. अर्ध्या वाटेत तीच म्हणाली, "आजोबा, एक सांगू?"

तेव्हापासून मी चार गोष्टी पाळतो. दार वाजवून आत जायचे. गाडीत किंवा शेंगा सोलताना, हात कामात असताना बोलायचे. उपदेशाची घाई करायची नाही. आणि तिने विश्वासाने सांगितलेले फोनवर नातेवाइकांना सांगायचे नाही.

याला एक अपवाद आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास असेल, खाणे-झोप बिघडली असेल, मित्र आणि आवडीचे खेळ सुटले असतील, तर आई-वडिलांना सांगा आणि डॉक्टरांकडे न्या. "जगण्यात अर्थ नाही" असे ते बोलले, तर जिवाचे काही करून घ्यायचे मनात येते का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नका. ९८८ या क्रमांकावर रात्रंदिवस फोन किंवा मेसेज करता येतो.

जाता जाता एक विनंती. रविवारच्या महाप्रसादाला भाजी चिरायला हात कमी पडतात. नातवंडांना सोबत आणा. शेजारी बसून भाजी चिरा. बोलणे आपोआप निघेल.