सलंगावर दगड ठेवू नको

बापू, मच्छीमार संस्थेच्या मीटिंगमध्ये सचिव म्हणून तुझं नाव लागलं, चांगलं झालं. पासबुक आलं, रजिस्टर आलं. आता लवकरच कोणीतरी येऊन सांगेल, तलावात जेसीबी लावू, आठ दिवसांत खोल करून देतो. त्याला हो म्हणण्याआधी माझं ऐकून घे गा. साठ पावसाळे या पाण्यात डोंगा फिरवला आहे. त्यातलं निम्मं शहाणपण माझ्या चुकांतून आलं आहे.

तलाव पाळीवर उभं राहून बघू नको. मृग लागायच्या आधी येव्यात जा, म्हणजे जिथून पाणी उतरतं त्या जंगलात, पडीत, वरच्या बांध्यांत. पायी जा, गाडी ठेव घरी. मागच्या वर्षी नव्हती अशी मोरी कुठे झाली, कोणी नाला वळवून बांधी वाढवली, कुठे झाडं तोडून माती उघडी पडली, हे डोळ्यांनी पाहा. गाळ तलावात जन्मत नाही, तो तिथून येतो. येवा उघडा ठेवून तलाव उपसणं म्हणजे फुटक्या रांजणातलं पाणी मोजत बसणं.

आर्द्रात नाले पहिल्यांदा भरून वाहिले की प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी एकेक बाटली भर. रात्रभर ओट्यावर ठेव, हलवू नको. सकाळी तळाशी बसलेली माती बोटाने मोज. एका बाटलीत अर्धं बोट आणि दुसरीत दोन बोटं दिसली, तर दुसऱ्या नाल्याच्या वरच्या अंगाला काहीतरी बिघडलं आहे. तिकडे जा, शोध. दगडांची आडवी ओळ घालायची तर तिथे, तलावाच्या काठावर नाही. यासाठी कोणता साहेब लागत नाही आणि कोणती मशीनही लागत नाही. तारीख, नाल्याचं नाव आणि बोटांचा आकडा तेवढा वहीत लिही. तीन पावसाळ्यांची वही झाली की पंचायतीत तुझ्याशी वाद घालणारा माणूस जरा सावरून बसेल.

पाळीचं तुझ्या आजीला माझ्याहून जास्त कळत होतं. जोराच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी ती पाळीच्या मागच्या अंगाला, अगदी पायथ्याशी, अनवाणी चालायची. पायाला गारवा लागला की थांबायची. झिरपणारं पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ असेल तर त्याच घटकेला गावात ओरडायचं, कारण ते पाणी पाळीच्या पोटातली माती घेऊन बाहेर येत असतं. उंदरांची, खेकड्यांची बिळं उन्हाळ्यातच चिकण मातीने ठासून भर. रेती टाकू नको, रेतीतून पाणी आणखी वाट काढतं.

आता सलंगाचं. पाणी जास्त झालं की ते ज्या सांडव्यावरून बाहेर पडतं, त्याची उंची ठरवून गेलेली माणसं वेडी नव्हती. एके वर्षी पाऊस उशिरा आला म्हणून आम्ही आठ-दहा जणांनी सलंगावर दगड आणि रेतीची पोती रचून पाणी हातभर वाढवलं. सगळे खूश होते. मघात एका रात्री पाऊस असा आला की पोती काढायला कोणाला पोहोचता आलं नाही. पाळीचा सखल भाग होता तिथून पाणी चढलं, आणि पहाटेपर्यंत पाळ फुटली. खालच्या बांध्यांतला धान रेतीखाली गेला, मासोळी नाल्याने वाहून गेली. शिव्या द्यायला दुसरा कोणी नव्हता. म्हणून सांगतो, सलंग मोकळा ठेव. त्याच्यातून जाणारं पाणी वाया जात नाही, ते नाल्याने चुलबंदीला मिळतं आणि चुलबंद लाखांदूरकडे वैनगंगेला. नदी नदी म्हणून सगळे ओरडतात. आपल्या अंगणातली नदी इथूनच निघते.

वैनगंगेचं काय झालं ते तुला माहीत आहे. 1988 मध्ये गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि मग त्या धरणात जातं. तिथला घाण वास आपण गावात बसून थांबवू शकणार नाही, त्यासाठी नागपूरला जाऊन भांडावं लागतं, आणि भांडायलाच हवं. पण आपल्या शिवारातून नदीला जाणारा नाला कसा वाहतो, ते आपल्याच हातात आहे.

तलावाचे मालक कोण, हा प्रश्न तुला लोक विचारतील. गोंड राजांच्या काळात कोहळ्यांनी हे तलाव बांधले, पुढे मालगुजार आले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि लोक त्यांना माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणू लागले. पाळ कोणी दुरुस्त करायची, शेताला पाणी सोडायचं तुडूम कोणी साफ करायचं, ही जुनी सवयही तेव्हापासून सैल पडत गेली. सगळं सरकारचं आहे असं म्हणून हात झटकू नको, आणि सगळं आपलंच आहे असं म्हणून भांडूही नको. तहसीलमधून गावच्या निस्तारपत्रकाची, म्हणजे गावाच्या वापरहक्कांच्या नोंदीची, नक्कल काढ. त्यात काय लिहिलं आहे ते आधी वाच, मग बोल. आपल्या माणसांनी हे फार उशिरा वाचलं.

तलावात माजलेली बेशरमची झाडी मात्र तुझ्याच राशीला आहे. तिला कापू नको. कापलेला तुकडा ओल्या मातीत पडला की त्यातून दुसरी उभी राहते. पाणी हटलं की उन्हाळ्यात मुळासकट उपटायची, काठाबाहेर कोरड्या जागी टाकायची, वाळली की जाळायची. हे काम एका वर्षात होत नाही. मजुरी पूर्ण दे, बायकांना पुरुषांपेक्षा कमी देऊ नको; मुळं कुठवर गेली आहेत हे त्यांनाच दिसतं.

जागा मोकळी झाली की तशीच टाकायची नाही. अर्जुनी मोरगावकडे, आताच्या गोंदियात, पण 1999 पर्यंत आपल्याच भंडाऱ्यात असलेल्या भागात, मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आपल्या ढिवर लोकांबरोबर हेच काम धरलं. बेशरम काढून गावठी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ते ऐकून शिकण्यासारखं नाही, तिथे जाऊन पाहा. देवधान, चिला, कमळ यांच्या आडोशाला मासोळी अंडी घालते, पिल्लं दडतात, पाखरं येतात. नुसत्या पाण्यात मत्स्यबीज सोडून गाडी चालत नाही.

म्हणूनच जेसीबीवाल्याला विचार, खोदणार कुठे? तलाव काठाकडे उथळ आणि तुडुमाकडे खोल असा उताराने जाणारा हवा. सगळीकडे चौकोनी खड्डा झाला तर गवत कुठे उगवणार? उन्हाळ्यात मासोळीला जीव धरायला एक डोह ठेव. पाळीच्या पायथ्याजवळ तर दातही लावू देऊ नको. निघालेला गाळ बांधीत पातळ पसरव, ढीग करशील तर पहिल्याच पावसात तो परत येव्यातून तुझ्याकडे येईल.

शेतकऱ्यांशी एक भांडण दरवर्षी होईल. धान शेवटच्या पाण्याला आला की ते तुडूम पूर्ण उघडा म्हणतील. त्यांचंही खरं आहे, धान वाळला तर घरी काय खाणार? बोलणं रोवणीच्याच वेळी करून ठेव, भर उन्हात नाही. तुडुमाच्या तोंडाच्या वर जे आहे ते धानाचं, खाली उरतं ते मासोळीचं आणि गुरांचं. ते पंपाने उपसायचं नाही, एवढं सगळ्यांसमोर वहीत लिहून सह्या घे.

आणि कतला-रोहूचं बीज टाकशील तर टाक, पैसा त्यातूनच येतो. पण मरळ आणि मागूर विसरू नको. पहिल्या पुराला मासोळी नाल्याने वर चढते, पोटात अंडी असतात. त्या आठ-पंधरा दिवसांत नाल्याच्या तोंडाला जाळं लावणाऱ्याला, मग तो तुझा काका का असेना, थांबव. माझ्या हातून हे पाप खूपदा झालं आहे. तेव्हा टोपली भरायची म्हणून बरं वाटायचं.

तुडुमाच्या दगडावर तीन खुणा आहेत, छिन्नीने कोरलेल्या. शेवाळाखाली गेल्या आहेत. उद्या सकाळी लवकर ये, घासून काढू. येताना दोरी आण, आणि एक सरळ उभ्या काठांची तेलाची रिकामी डबी पण. पाऊस मोजायला ती चांगली.